पाहुण्यांसमोरचा चेहरा

मलकापुरात गजेंद्र सरांना ओळखत नाही असं घर शोधून काढावं लागलं असतं. शाळेत चित्रकला शिकवता शिकवता त्यांचे केस पिकायला आले होते, आणि शाळेबाहेर माणसांचे चेहरे काढण्यात अर्धं आयुष्य गेलं होतं. कुणाच्या घरातलं म्हातारं माणूस गेलं की लोक एखादा पुसट लग्नातला फोटो घेऊन त्यांच्याकडे येत. सर त्या गर्दीतून नेमका तो चेहरा उचलून आणत आणि असा रंगवत, की घरातल्या बायका चित्र पाहून डोळ्यांना पदर लावत. माणूस हसतमुख, बोलका. स्टाफरूममध्ये ते नसले तर चहा बेचव लागतो, असं सगळे म्हणत.

जिल्ह्यातल्या चित्रकला शिक्षकांचं दरवर्षी बुलढाण्याला प्रदर्शन भरतं. यंदा ठरलं, की प्रत्येकानं स्वतःचंच चित्र आणायचं. निरोप आला तेव्हा सर हसले. लोकांची एवढी तोंडं काढली, आपलं काढायला कितीसा वेळ लागतो? मे महिन्याची सुट्टी होतीच. बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ त्यांनी कॅनव्हास लावला, अनुपमाचा म्हणजे बायकोचा मोठा आरसा कपाटावरून उतरवून शेजारी उभा केला आणि कूलरच्या घरघरीत कामाला लागले.

पहिलं चित्र लवकर झालं. ओठांच्या कोपऱ्यात हसू, डोळ्यांत थोडी मिश्किली, कपाळावर उजेड. शेजारपाजारचे येऊन पाहून गेले. फ्रेमवाले अब्दुल गनी, सरांचे तीसेक वर्षांचे दोस्त, दुकान बंद करून मुद्दाम आले आणि म्हणाले की याला सोनेरी पट्टी लावू, चित्र बोलायला लागलंय. सर खूश होते. फक्त छकुली, त्यांची बारावीतली मुलगी, दारातूनच पाहून 'छान आहे' म्हणाली आणि आत गेली.

ते 'छान' सरांना लागलं. चित्रातलं तिला कळत होतं. लहानपणापासून ती त्यांच्या रंगांच्या वासात वाढलेली. त्यांनी तिला परत बोलावलं आणि नीट पाहून सांग म्हणाले. ती आली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मग म्हणाली, "पाहुणे आल्यावर दिसता तसे दिसून राह्यले."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही, बाबा. चांगलंच आहे."

सर हसले. पोरीला बोलायला फार येतं, असं त्यांनी अनुपमाला सांगितलं. पण त्या दिवसापासून त्यांचं त्या चित्रापुढे मन लागेना. येता-जाता नजर जाई आणि चित्रातला माणूस आपल्याकडे नाही, आपल्या मागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघून हसतोय असं वाटे. एका सकाळी त्यांनी ते काढून भिंतीला उलटं टेकवलं आणि नवा कॅनव्हास चढवला.

आता मात्र हात चालेना. आरशासमोर बसलं की चेहऱ्यावर हसू येई, ते थोडा वेळ टिके, मग गालातून निसटे. निसटल्यावर खाली जे उरे ते काय आहे, हे पाहायला सर थांबत नसत; लगेच पुन्हा हसू लावत. असं किती वेळा झालं. ते उठत, पाणी पीत, कूलरची दिशा बदलत, पुन्हा बसत. पेन्सिलीनं रेघ मारत, पुसत. बाहेर ऊन असं होतं, की रस्त्यावरून गाडी गेली तरी तिचा आवाज भाजून आल्यासारखा वाटे. दुपारभर ते घरातल्या घरात येरझारा घालू लागले.

अशाच एका दुपारी ते आरशासमोर बसलेले असताना स्वयंपाकघरात स्टीलचं झाकण पडलं. फरशीवर गोल गोल फिरत वाजत राहिलं. सरांनी मान न वळवता ओरडून विचारलं, "काय पाडलं आता?"

आणि विचारता विचारता त्यांना आरशात एक माणूस दिसला.

भुवया एकमेकींवर चढलेल्या. नाकपुड्या ताणलेल्या. वरचा ओठ दातांवर घट्ट दाबलेला, आणि डोळे असे थंड, की त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला आपली चूक काय हे विचारायचंही सुचू नये. त्या माणसाच्या खांद्यामागे, आरशातच, छकुली दिसली. ती हातात पाण्याचा ग्लास घेऊन त्यांच्याकडेच येत होती. आवाज ऐकून ती उंबऱ्यावर थबकली, आणि पाऊल न वाजवता आल्या वाटेनं मागे गेली.

हे सगळं झाकणाचं वाजणं थांबायच्या आत झालं. सरांनी रंग घेतला. मापं घेतली नाहीत, रेघा मारल्या नाहीत. आयुष्यभर ज्या हाताला ते सांगत आले होते, तो हात आज त्यांना विचारत नव्हता. कपाळाला गेरू आणि काळा, डोळ्यांखाली हिरवट सावली, ओठांवर एकच आडवा फटका. ऊन खिडकीवरून सरकलं तेव्हा त्यांनी ब्रश ठेवला. मागे होऊन पाहिलं, आणि आपल्याच चित्रावरून नजर काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. गनीभाईंचं दुकान बंद. सरांनी चित्र जुन्या चादरीत गुंडाळलं, मोटरसायकलला बांधलं आणि उन्हातच त्यांच्या गावी, रोहिणखेडला निघाले. रंग अजून ओला होता, तरी त्यांना थांबवेना. एखाद्या जाणत्या माणसानं 'हे तू नाहीस' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

गनीभाई जुम्म्याची नमाज पढून नुकतेच जुन्या मशिदीतून घरी आले होते. त्यांनी चादर बाजूला केली आणि बराच वेळ चित्रापुढे उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी विचारलं, की हा कोण, कोणत्या गावचा, आणि याच्या घरच्यांनी असा फोटो तुमच्याकडे कसा दिला.

"मी आहे, गनीभाई," सर म्हणाले.

गनीभाईंनी चित्राकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. पुन्हा चित्राकडे पाहिलं. "नाक तुमचंच आहे," ते म्हणाले. "पण इतक्या वर्षांत मी तुमाले असं कधी पाह्यलं नाही. खुदा कसम, एकदाही नाही."

सरांना बरं वाटलं. तेवढ्यात गनीभाईंची बायको नूरबी लिंबाचं सरबत घेऊन बाहेर आली. तिनंही चित्र पाहिलं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ट्रे खाली ठेवता ठेवता ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही कशाले पाह्यसान? घरातले पाह्यतात. अनुपमा भाभीले विचारा."

गनीभाई ओशाळले. विषय बदलून आंब्याचं बोलू लागले. सरांनी सरबत संपवलं, चित्र पुन्हा गुंडाळलं आणि निघाले. परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी दोनदा थांबवली, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कडुनिंबाखाली उभे राहिले, घाम पुसला, पुन्हा किक मारली.

घराच्या गल्लीत गाडी वळली तेव्हा त्यांना आतला टीव्ही ऐकू आला. कुणीतरी मोठ्यानं हसत होतं; छकुली असावी. गाडी दारात येईपर्यंत टीव्ही बंद झाला होता. सर आत आले तर अनुपमा भाजी निवडत होती आणि छकुली पुस्तक घेऊन बसली होती. हे काही नवीन नव्हतं. आमचं घर शांत, असं ते स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगत. आज त्यांचे कान उघडल्यासारखे झाले. छकुली उठली तेव्हा तिनं खुर्ची ओढली नाही, उचलून मागे ठेवली. अनुपमानं भांडं ओट्यावर ठेवताना खाली आधी हात ठेवला. त्या दोघींना हे करताना विचार करावा लागत नव्हता.

मग त्यांनी चित्र सुधारायला घेतलं. फार नाही, थोडंच. भुवईची गाठ जराशी सैल केली, तर डोळे मेले. ओठाचा कोपरा वर उचलला, तर भिंतीला टेकवलेल्या पहिल्या चित्रातला माणूस डोकवायला लागला. त्यांनी सुरीनं रंग खरवडला, पुन्हा लावला. जे जे मऊ करावं ते ते खोटं होई, आणि खरवडलं की तोच माणूस पुन्हा खालून वर येई. जेवायला हाक मारली की 'आलो' म्हणत आणि येत नसत. आले तर दोन घास खाऊन उठत. बाजारात गेले की ओळखीचे लोक नेहमीसारखे हसून बोलत आणि सरही हसत, पण हसताना आता त्यांना आपल्या गालाची हालचाल जाणवे, आणि मग काय बोलत होतो तेच विसरायला होई.

शेवटी एका सकाळी छकुली क्लासला गेल्यावर त्यांनी अनुपमाला चित्रापुढे बोलावलं. ती इतके दिवस त्या खोलीत झाडायला येत होती, पण कॅनव्हासच्या बाजूला बघत नव्हती. आता तिनं पाहिलं. सर वाट बघत होते. त्यांना मनातून खात्री होती, की ती म्हणेल, अहो, हे काहीतरीच काय काढलं.

ती म्हणाली, "गणेश गेला तेव्हा तुम्ही असे होते."

गणेश त्यांचा थोरला. इंजिनिअरिंग मध्येच सोडून तो नाशिकला एका छापखान्यात मशीनवर लागला, त्याला दोन वर्षं होत आली होती. जाण्याच्या दिवशी त्यानं कॉलेज सोडल्याचं सांगितलं, तेव्हा सर दारात उभे होते. शिवी दिली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. नुसतं पाहिलं होतं आणि 'जा' म्हणाले होते. तेव्हापासून तो आईला फोन करी, तोही सर शाळेत असतील तेव्हा.

"मी आजवर या घरात कोणावर हात उचलला नाही," सर म्हणाले. "सांग, उचलला का?"

"नाही."

"मग?"

अनुपमानं चित्राकडे बोट केलं. "गरजच पडली नाही."

ती हे भांडायला म्हणाली नव्हती. रोजच्या आवाजात म्हणाली होती, गॅस संपत आला असं सांगावं तशी. सरांच्या आत काहीतरी सरसरत वर आलं. भुवया ओढल्या गेल्या, जबडा आवळला गेला. आणि आरसा समोर नसतानाही आपला चेहरा या घटकेला कसा दिसतोय हे त्यांना रेघन् रेघ कळलं. आपणच तर तो रंगवला होता. ओठावरचा तो आडवा फटका ओठावर जाणवला. समोर अनुपमा तशीच उभी होती, फक्त तिची नजर जमिनीकडे गेली होती. तिची नजर अशी कितीदा खाली गेली असेल, आणि आपण त्याला कितीदा मान देणं समजलो असू.

ते चपला घालून बाहेर पडले. स्टेशनपर्यंत चालत गेले, मालगाडी धडधडत गेली ती पाहत उभे राहिले, पुन्हा चालत आले. पुन्हा गेले. पायांना थांबवेना. सरकीनं भरलेला एक ट्रक वळणावर अडला होता आणि लोक ड्रायव्हरवर ओरडत होते. सर त्या ओरडणाऱ्यांचे चेहरे पाहत राहिले. ते सगळे राग आल्यावर रागावलेले दिसत होते आणि वाट मोकळी झाल्यावर विसरून जात होते. आपल्याला तसंही करता आलं नव्हतं. बाहेरचा सगळा राग आपण हसून घरी आणला होता.

त्या संध्याकाळी छकुलीनं चित्राचा फोटो काढून गणेशला पाठवला. तिनं कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सर गच्चीवर वाळवणाला राखण बसले असताना त्यांचा फोन वाजला. पडद्यावर गणेशचं नाव होतं. त्यांना वाटलं चुकून लागला असेल, म्हणून ते वाजू देत राहिले. मग उचलला.

पलीकडे मशीनचा आवाज होता. गणेशनं विचारलं, "हे तुम्ही काढलं?"

"हो."

"कोणी बसलं होतं समोर?"

"मीच बसलो होतो. आरशात पाहून काढलं."

मग तो म्हणाला, "मले वाटे, तुमाले माहीतच नाही."

"नव्हतं," सर म्हणाले. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले, पण ते सगळे पाहुण्यांसमोर बोलायचे शब्द होते, म्हणून त्यांनी ते गिळले. "नव्हतं माहीत, बेटा," एवढंच ते पुन्हा म्हणाले.

"आता हात नका लावू त्याले," गणेश म्हणाला. "तसंच राहू द्या." आणि फोन ठेवला.

सरांनी हात लावला नाही. शेवटी फक्त आरशातली छकुली घातली. खांद्यामागे, अंधुक, उंबऱ्यावर थांबलेली. चेहरा दिसू नये इतकी लहान. ती त्यांनी तिला विचारून घातली. ती म्हणाली, घाला, पण ग्लास विसरू नका.

जूनच्या अखेरीस बुलढाण्याला प्रदर्शन भरलं. अनुपमा आणि छकुलीही सरांबरोबर आल्या. हॉलभर शिक्षकांचे चेहरे टांगलेले; बहुतेक हसरे, काही विचारमग्न, एक-दोन हातात ब्रश घेतलेले. गजेंद्र सरांच्या चित्रापाशी लोक येत, हसत हसत येत, आणि हसणं तसंच अर्धवट ठेवून उभे राहत. एका सहकाऱ्यानं विचारलं, सर, पगार अडकला का? एक मध्यमवयीन बाई आपल्या नवऱ्याबरोबर आली होती. नवरा पुढच्या चित्राकडे गेला तरी ती तिथेच राहिली. नवऱ्यानं हाक मारली तेव्हा ती दचकली, आणि जाता जाता तिनं सरांकडे असं पाहिलं, जसं एखाद्या लपवलेल्या गोष्टीचा साक्षीदार सापडावा. सर अस्वस्थ होऊन बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. चित्र परत न्यावं, असं त्यांच्या मनात पक्कं होत आलं होतं.

तिथेच त्यांना गणेश दिसला. पाठीवर बॅग, दाढी वाढवलेली, अंगानं भरलेला. त्यानं येणार असल्याचं फक्त छकुलीला कळवलं होतं. तो सरांजवळून जाताना थांबला, वाकून पाया पडला आणि आत गेला. अनुपमा त्याच्या मागे धावली. सर दारात उभे राहून पाहत होते. पोरगा चित्रासमोर उभा राहिला. प्रत्यक्ष बापाकडे तो कधी वर मान करून पाहत नसे. चित्राच्या डोळ्यांत मात्र तो पाहत होता, मान खाली न घालता, अगदी सावकाश. चित्र त्याला काही करू शकत नव्हतं. सरांना वाटलं, असं निर्धास्त पाहणं त्याला आधी का दिलं नाही कुणी, आणि लगेच कळलं की देणारं आपल्याशिवाय दुसरं कुणी नव्हतंच.

नंतर चौघांनी मिळून जेवण केलं. बोलणं छापखान्याचं, नाशिकच्या पाण्याचं, छकुलीच्या क्लासचं झालं. सरांनी मध्येच, पोळी मोडता मोडता विचारलं, की एकदा समोर बसशील का, तुझं चित्र काढायचं आहे.

गणेशनं विचार केला. "आत्ता नाही, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही पाह्यत राहसान आणि मी बसून राहीन, हे आत्ता मले जमणार नाही."

अनुपमानं सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली आणि वरण पुढे सरकवलं.

गणेशची गाडी मलकापूरहून होती, म्हणून तो त्यांच्याबरोबरच एसटीनं आला. राजूर घाटात छकुलीला मळमळलं, त्यानं तिला खिडकी दिली. मलकापूरला उतरल्यावर सगळे स्टेशनवर गेले. फलाटावर कळलं, की त्यानं रिझर्व्हेशन केलेलंच नाही, जनरलच्या डब्यात चढणार आहे. एवढा लांबचा प्रवास आणि साधं तिकीट वेळेवर काढता येत नाही. सरांच्या कपाळात ओळखीची ओढ सुरू झाली. अनुपमाच्या हातातली पिशवी या हातातून त्या हातात गेली. छकुली एक पाऊल मागे सरली. सरांनी तोंड उघडलं, मिटलं आणि रुळांकडे वळून उभे राहिले. पलीकडच्या फलाटावर एक हमाल झोपलेला होता; ते त्याच्याकडे पाहत राहिले. हसू आणायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. चेहऱ्यावर काय आहे ते त्यांना माहीत होतं, आणि ते उतरायला वेळ लागत होता.

गणेश त्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"दिसलं मले," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्ही थांबले ते."

सर त्याच्याकडे वळले नाहीत. वळले असते तर काय चेहरा असता, हे या वेळी त्यांना कळेना. तेवढ्यात गाडीची घोषणा झाली, फलाटावर धावपळ उडाली. गणेशनं आईच्या हातातली पिशवी घेतली आणि गर्दीत शिरला. थोड्या वेळानं जनरलच्या दाराशी तो दिसला. एक हात दांडीला, दुसऱ्या हातानं बहिणीला काहीतरी खुणावत होता. गाडी हलली. सर काही पावलं गाडीबरोबर चालले, मग चालणं पुरेना तेव्हा थांबले.